भिंती नसलेली इमारत

मुंबईत कुणी ‘बँडस्टँडला भेटू’ म्हणाले की डोळ्यांपुढे वांद्र्याचा खडकाळ किनारा, फिरायचा रस्ता आणि सिनेनटांचे बंगले येतात. ज्या वास्तूवरून हे नाव पडले ती वास्तू फारशी कुणाला आठवत नाही. दक्षिण मुंबईत कूपरेजच्या बागेत अशी एक वास्तू अजून आहे. रोज शेकडो माणसे तिच्या शेजारून जातात आणि बागेतली शोभा समजून पुढे सरकतात. हा समज केवळ आपल्याकडचा नाही. ज्या ब्रिटनमध्ये हा प्रकार जन्मला आणि फोफावला, तिथल्या वास्तुकलेच्या इतिहासातही एकोणिसाव्या शतकातील रेल्वे स्थानके, टाउन हॉल, चर्च यांना पानेच्या पाने मिळतात आणि बँडस्टँडची बोळवण एखाद्या तळटीपेवर होते. फाउंड्रीच्या कॅटलॉगमधून मागवलेली, खांबांवर टोपी ठेवल्यासारखी दिसणारी ही चीज, हिला वास्तुकला कशाला म्हणायचे, असा एकूण सूर असतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे. व्हिक्टोरियन काळाने जे मोजके खरोखर नवे इमारत-प्रकार दिले त्यांत बँडस्टँडची गणना व्हायला हवी, आणि त्याचे सारे मोल त्याला भिंती नाहीत या एका गोष्टीत आहे. त्याचे साहित्य, त्याचा आवाज, त्याची सामाजिक भूमिका, त्याची पडझड आणि आज चाललेली डागडुजी हे सगळे याच कसोटीवर तपासून पाहायला हवे.

उघड्यावर बसून वाजवणारा बँड आणि त्याच्याभोवती फिरणारे श्रोते हे दृश्य काही व्हिक्टोरियन लोकांनी शोधले नाही. लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेत अठराव्या शतकापासून वादकांसाठी झाडांच्या मधोमध एक उंच, नक्षीदार मनोरा होता आणि त्याच्याभोवती लोक हिंडत, खात-पीत. पण त्या बागेला फाटक होते आणि फाटकावर पैसे मोजावे लागत. छपराखाली चारही बाजूंनी उघडा मंडप ही कल्पना तर आणखी पूर्वेकडची. युरोपात अशा मंडपाला ‘किऑस्क’ म्हणू लागले. तो शब्द तुर्कीतल्या ‘कोश्क’वरून आलेला आणि त्याचे मूळ फारसीत. ऑटोमन बागांतले हे मंडप युरोपीय प्रवाशांनी पाहिले, त्यांची वर्णने घरी लिहून पाठवली आणि पुढे श्रीमंतांच्या बागांतून त्यांच्या नकला उभ्या राहिल्या. म्हणजे मंडप जुना, बागेतले संगीतही जुने. नवे होते ते सार्वजनिक उद्यान. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने शहरांतील मोकळ्या जागांची पाहणी केली आणि कारखान्यांच्या गावांत कष्टकरी माणसाला पाय मोकळे करायलाही जागा उरलेली नाही असे स्पष्ट नोंदवले. त्यानंतर १८४० मध्ये डर्बीचे आर्बोरेटम, १८४६ मध्ये मँचेस्टर आणि सॅलफर्डची उद्याने, १८४७ मध्ये जोसेफ पॅक्स्टनने आखलेले बर्कनहेड पार्क अशी रांग लागली. या उद्यानांत तळी होती, वळणाच्या वाटा होत्या, पण सुरुवातीला बँडस्टँड असे म्हणावे असे काही नव्हते. बर्कनहेडला तळ्याकाठच्या रोमन धाटणीच्या नावघरातच बँड बसावा अशी योजना होती. उद्यान तयार झाले होते आणि त्यात संगीत कुठे बसवायचे हे अजून कुणाला नीट उमगले नव्हते.

उत्तर आले ते एका लष्करी अभियंत्याकडून. रॉयल इंजिनियर्समधला कॅप्टन फ्रान्सिस फाउक हा पुढे रॉयल अल्बर्ट हॉलच्या मूळ आराखड्यासाठी ओळखला गेला. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची नवी बाग १८६१ मध्ये खुली झाली, तिच्यासाठी त्याने दोन बँडस्टँड आखले. बारीक लोखंडी खांब, त्यांवर घुमटाकार छप्पर, चारही बाजू मोकळ्या. ब्रिटनमधील बँडस्टँडचा जो नमुना आज आपल्या डोळ्यांत बसला आहे तो इथून सुरू होतो. व्हॉक्सहॉलची बाग कायमची बंद झाली १८५९ मध्ये. दोनच वर्षांनी हा नवा नमुना उभा राहिला. साउथ केन्सिंग्टनची बागही सभासदांची आणि पैसे देणाऱ्यांचीच होती, हे लक्षात ठेवायला हवे. ती बाग मोडल्यावर ते दोन्ही बँडस्टँड उचलून साउथवर्क पार्क आणि पेकहॅम राय इथे, म्हणजे सर्वसामान्य लंडनकरांच्या मैदानांत नेऊन उभे केले गेले. केन्सिंग्टन गार्डन्समध्ये १८६९ साली बांधलेला बँडस्टँडही १८८६ मध्ये हाइड पार्कला हलवला गेला. बोल्ट काढले, भाग मोजून गाड्यांवर घातले, दुसरीकडे पुन्हा जोडले. दगडी इमारतीला हे भाग्य सहसा लाभत नाही.

हे सारे सहज स्वीकारले गेले असे मात्र नाही. उद्यानांचा कारभार पाहणारे मंत्री सर बेंजामिन हॉल यांनी १८५५ मध्ये केन्सिंग्टन गार्डन्समध्ये रविवारी दुपारी लष्करी बँड वाजवायला परवानगी दिली. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या माणसाला रविवारखेरीज सवड नव्हती, हा त्यामागचा साधा विचार. गर्दी लोटली. पण रविवारचे पावित्र्य भंगते म्हणून धर्मनिष्ठ मंडळी खवळली, कँटरबरीच्या आर्चबिशपांनी पंतप्रधान पामर्स्टन यांना साकडे घातले आणि १८५६ मध्ये हे वादन थांबवावे लागले. लोक गप्प बसले नाहीत. नॅशनल संडे लीग या संस्थेने वर्गणी काढून रविवारचे बँड चालू ठेवण्याचा उद्योग आरंभला. हा वाद माझ्या मुद्द्याला फार जवळचा आहे, कारण ज्यांना भीती वाटली त्यांना संगीताची वाटली नव्हती. चर्चमध्ये संगीत होतेच, कॉन्सर्ट हॉलमध्येही होते. भीती होती ती दार नसलेल्या संगीताची, जिथे कोण आले आणि कोण गेले याची नोंद कुणालाच ठेवता येत नाही. आपल्याकडच्या शनिवारवाड्यात नगारखाना दिल्ली दरवाजाच्या माथ्यावर आहे. तिथून घुमणारा नाद आत कोण राहतो हे बाहेरच्याला बजावत असे. बँडस्टँडला आतबाहेरच नाही, मग तो कुणाच्या नावाने वाजणार?

आता ही वास्तू जवळून पाहू. जमिनीपासून तीन-चार फूट उंच विटांचा किंवा दगडी चौथरा. बहुधा अष्टकोनी, कधी षट्कोनी, कधी गोल वा बारा बाजूंचा. व्यास साधारण पंचवीस-तीस फुटांचा, म्हणजे पंचवीसेक वादक खुर्च्या आणि नोटेशनचे स्टँड मांडून दाटीवाटीने बसतील एवढा. चौथऱ्याच्या पोटात बहुतेक ठिकाणी छोटी खोली, खुर्च्या ठेवण्यासाठी. एका बाजूला पायऱ्या, त्यांना लहानसे फाटक. कडेने कमरेएवढा कठडा आणि त्याच्या जाळीत बऱ्याचदा ग्रीक लायर या तंतुवाद्याची आकृती. प्रत्येक कोपऱ्यावर एक बारीक खांब, खांबाच्या माथ्यातून दोन्ही बाजूंना फुटणारी महिरप, तिच्यावर नक्षीची पट्टी आणि वर छप्पर, कधी जस्ताच्या पत्र्याचे, कधी शिशाचे किंवा तांब्याचे, अगदी टोकाला कळस. हे सगळे वर्णन करताना एकदाही ‘भिंत’ हा शब्द लागत नाही. खांबही इतके सडपातळ की श्रोता कुठेही उभा राहिला तरी त्याच्या आणि वादकाच्या मध्ये हातभर जाडीसुद्धा येत नाही. ब्रायटनच्या किनाऱ्यावर १८८४ मध्ये नगर सर्व्हेयर फिलिप लॉकवूडच्या आराखड्यावरून उभारलेल्या बँडस्टँडला लोक ‘पक्ष्याचा पिंजरा’ म्हणतात. त्याच्या कमानी पौर्वात्य वळणाच्या आहेत, खाली एका पातळीवर खोल्या आणि वर बँडची जागा, आणि मुख्य रस्त्यावरून तिथे जायला छोटा पूल. पिंजरा हे नाव त्याला शोभते, कारण त्यातून सगळे आरपार दिसते. अडकून मात्र काहीच राहत नाही.

हा सडपातळपणा ज्या धातूने शक्य केला तो आपल्या स्वयंपाकघरात रोज असतो: बीड. बिडाचा तवा हातातून पडला तर वाकत नाही, तडकतो. वरून येणारा भार बीड उत्तम सोसते, ताण मात्र त्याला सोसत नाही. त्यामुळे खांबासाठी ते आदर्श आणि तुळईसाठी धोक्याचे. बँडस्टँडमध्ये छप्पर हलके आणि भार सरळ खाली उतरणारा, म्हणजे बिडाच्या गुणांना पोषक आणि अवगुणांना फारसा वाव नाही. ओतकामाची रीत अशी: आधी लाकडाचा नमुना कोरायचा, तो वाळूत दाबून साचा करायचा, साच्यात रस ओतायचा. थंड होताना बीड सुमारे एक टक्का आकसते, म्हणून नमुना कोरणारा सुतार वेगळीच मोजपट्टी वापरायचा. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित लांब असे. नमुना एकदा बनला की त्यातून शंभर खांब निघत. ग्लासगोमधील वॉल्टर मॅकफार्लेन यांची सॅरासेन फाउंड्री, किर्किनटिलॉकची लायन फाउंड्री, कोलब्रुकडेल अशा कारखान्यांनी मोठमोठे कॅटलॉग छापले. नगरपालिकेने क्रमांक कळवायचा, खांब, कठडा, महिरप, कळस निवडायचा आणि रेल्वेने भाग आले की स्थानिक गवंड्याने बांधलेल्या चौथऱ्यावर जोडायचे. या कारखान्यांचा माल हिंदुस्थानातही आला. १८९७ च्या आगीनंतर नव्याने बांधलेल्या म्हैसूरच्या राजवाड्यातील कल्याणमंडपाचे बिडाचे खांब सॅरासेन फाउंड्रीचेच आहेत. मुंबईतले वॉटसनचे हॉटेल, म्हणजे आजचे एस्प्लनेड मॅन्शन, हा त्याच पद्धतीचा भव्य नमुना. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये डर्बीला ओतला आणि जहाजाने मुंबईला आणून १८६० च्या दशकाच्या अखेरीस उभा केला.

इथेच पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. कॅटलॉगमधून क्रमांकाने मागवलेल्या वस्तूला वास्तुकला कसे म्हणायचे? जॉन रस्किनने तर १८४९ मध्येच ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात ओतीव लोखंडी नक्षीवर कडक टीका केली होती. हाताने कोरलेल्या कामाचा आभास निर्माण करणारी यंत्राची नक्षी ही एक प्रकारची फसवणूक आहे आणि ती कारागिराचा आनंद हिरावून घेते, असा त्याचा रोख होता. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. बिडाची पाने-फुले एकसारखी असतात आणि त्यांत छिन्नीचा जिवंतपणा येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. एक, मूळ लाकडी नमुना कोरणारा सुतार हा उच्च दर्जाचा कारागीर होता. त्याची कला एका खांबात बंद न राहता शंभर गावांत गेली. दुसरी अधिक महत्त्वाची. रस्किनचा आक्षेप आहे तो दगडाचे सोंग घेणाऱ्या लोखंडावर, आणि बँडस्टँड दगडाचे सोंग घेऊच शकत नाही. इतका बारीक खांब दगडात उभाच राहणार नाही, इतकी विरळ महिरप दगडात कोसळेल. उलट बँडस्टँडमध्ये लोखंड आपले खरे रूप दाखवते. कॅटलॉगबद्दल म्हणायचे तर स्वस्तपणा हा इथे दोष ठरत नाही. एखाद्या गिरणीच्या गावाला कॉन्सर्ट हॉल परवडत नव्हता, बँडस्टँड परवडत होता. ब्रिटनभर दीड हजारांहून अधिक बँडस्टँड उभे राहिले ते याच कारणाने. एकाच वास्तुरचनाकाराने एकदाच केलेली अपूर्व इमारत म्हणजेच वास्तुकला, अशी व्याख्या धरली तर आपले वाडेही तिच्यातून बाहेर पडतील.

दुसरा आक्षेप ध्वनिशास्त्राचा आहे आणि तो संगीतकारांकडून येतो. भिंत नाही म्हणजे आवाज परतवणारे काही नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो. वारा सुटला की सूर भलतीकडे जातात. व्हायोलिनसाठी ही जागा निरुपयोगीच. हे सगळे खरे आहे. पण बँडस्टँड व्हायोलिनसाठी केलेलाच नव्हता. १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अ‍ॅडॉल्फ सॅक्स यांनी सॅक्सहॉर्न ही पितळी, झडपांची वाद्ये सिद्ध केली. ती ब्रिटनमध्ये पसरली आणि गिरण्या-खाणींच्या गावागावांत ब्रास बँड उभे राहिले. यॉर्कशरमधील ब्लॅक डाइक मिल्सचा बँड १८५५ पासूनचा. या बँडमध्ये कॉर्नेट आणि ट्रॉम्बोनची तोंडे समोर असतात, पण टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम आणि ट्यूबा यांची तोंडे वर, आकाशाकडे. मैदानात ही वाद्ये वाजवली तर त्यांचा बराच नाद वर निघून जातो. त्यांच्यावर छप्पर धरले की तो खाली येऊन चारही दिशांना पसरतो. बँडस्टँडचे छप्पर केवळ पावसासाठी आहे असे मानणाऱ्याने वाद्यांची ही तोंडे पाहावीत. अनेक ठिकाणी धातूच्या घुमटाखाली आतून लाकडी फळ्यांचे छत ठोकलेले आढळते. उघडा घुमट आवाज गोळा करून वादकांच्याच डोक्यावर आदळतो आणि पाऊस पडला तर पत्रा ताशासारखा वाजतो. लाकडी छताने दोन्हींना आळा बसतो. चौथऱ्याची उंचीही याच हिशेबातली. पुढे उभ्या असलेल्यांच्या डोक्यांवरून सूर मागच्यापर्यंत पोहोचावा म्हणून ती आहे. या वाद्यांसाठी, या गर्दीसाठी आणि या हवेसाठी ही नेटकी यंत्रणा होती, असे मी ठामपणे म्हणतो.

तरीही ती परिपूर्ण नव्हती, आणि विसाव्या शतकात तिच्यात सुधारणा करू पाहणाऱ्यांनी मागे अर्धवर्तुळाकार भिंत घातली. ईस्टबोर्नच्या समुद्रकिनाऱ्यावर १९३५ मध्ये बांधलेला निळ्या घुमटाचा बँडस्टँड याचे प्रसिद्ध उदाहरण. ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह पार्कमध्ये १९२४ मध्ये तर उतारावर पायऱ्यांची आसने असलेले पुरे नाट्यगृहच उभे राहिले. आवाजाच्या दृष्टीने ही दोन्ही ठिकाणे जुन्या अष्टकोनापेक्षा सरस आहेत, यात वाद नाही. पण भिंत आली की तिच्यामागोमाग काय काय येते ते पाहण्यासारखे आहे. भिंतीमुळे वास्तूला पुढची आणि मागची बाजू मिळते. पुढची बाजू आली की चांगली जागा आणि वाईट जागा आली. चांगली जागा आली की खुर्ची आली, खुर्चीला क्रमांक आला, आवाराला कुंपण आणि कुंपणाला तिकीटखिडकी. अष्टकोनी बँडस्टँडभोवती जो फिरत राहतो त्याला कधी कॉर्नेट जवळून ऐकू येते, कधी ड्रम. तो पाच मिनिटे थांबतो, मुलाला कडेवर घेतो, पुढे जातो. कुणी त्याला ‘बसा’ म्हणत नाही. या वास्तूत ऐकणे आणि चालणे एकमेकांपासून तुटलेले नाहीत. थोडा आवाज गमावून मिळवलेली ही मोकळीक मला महागात पडलेली वाटत नाही.

तिसरा आक्षेप इतिहासकारांचा. ही मोकळीक दिखाऊ होती, असे ते म्हणतात. कामगाराने दारूच्या गुत्त्यात न जाता सभ्य करमणूक करावी, वरच्या वर्गाच्या चालीरीती पाहून शिकावे, हा उद्यानांमागचा उघड हेतू होता. बँड कोणत्या चाली वाजवणार हे समिती ठरवत असे. उद्यानाचे नियम फलकावर टांगलेले, गणवेशातला रखवालदार फिरता, आणि बँडभोवतीच्या खुर्च्यांचे भाडे पडे, म्हणजे पैसेवाले बसत आणि बाकीचे उभे. या पुराव्यापैकी काहीही नाकारायचे कारण नाही. हेतू तोच होता. पण इमारत ही ज्याने पैसे दिले त्याच्या हेतूला शेवटपर्यंत बांधलेली राहत नाही, आणि बँडस्टँड तर अजिबात नाही. खुर्चीचे भाडे घेता येत होते, उभे राहण्याचे भाडे घेता येत नव्हते, कारण ऐकण्याची हद्द आखायला भिंतच नव्हती. शिवाय आत बसून वाजवणारे बँडवाले पुष्कळदा त्याच गिरण्यांत, त्याच खाणींत राबणारे होते. ते चौथऱ्यावर बसले की त्यांचा मालक खाली, गर्दीत, मान वर करून ऐकत असे. लंडनच्या दक्षिण टोकाला बेकनहॅममधला १९०५ चा बँडस्टँड पाहा. १६ ऑगस्ट १९६९ रोजी तिथे एक मोफत संगीत महोत्सव भरला आणि तेव्हा नावारूपाला येत असलेला डेव्हिड बोवी त्यात गायला. तो बँडस्टँड बांधला गेला त्या काळातल्या कुठल्याही समितीने त्या गाण्यांना परवानगी दिली नसती. ५० वर्षांनी, २०१९ मध्ये, त्या बँडस्टँडला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. त्या गाण्यांना अडवणारी भिंत त्या वास्तूत मुळातच नव्हती, म्हणून ती तिच्यात मावली.

अशा उघडेपणाची किंमतही चुकवावी लागते. २० जुलै १९८२ रोजी रीजंट्स पार्कमध्ये रॉयल ग्रीन जॅकेट्स या पलटणीचा बँड दुपारच्या श्रोत्यांसाठी वाजवत असताना बँडस्टँडखाली दडवलेला आयरिश रिपब्लिकन आर्मीचा (आयआरए) बॉम्ब फुटला आणि ७ वादक ठार झाले. चौथऱ्याच्या पोटातली जी पोकळी खुर्च्यांसाठी असते तीच घातकी ठरली. या घटनेनंतरही नवे बँडस्टँड बंदिस्त बांधावे असा रिवाज पडला नाही, ही गोष्ट मला मोठी वाटते.

पडझड मात्र बॉम्बने केली नाही. ग्रामोफोन आणि १९२२ पासूनचा बीबीसीचा रेडिओ यांनी बँड ऐकायला बागेत जाण्याची निकड कमी केली. दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी उद्यानांचे कठडे उखडले गेले, त्यात काही बँडस्टँडही वितळले. फाउकच्या मूळ जोडीपैकी एकही आज उरलेला नाही. साउथवर्क पार्कमध्ये आहे ती त्याच नमुन्याची प्रतिकृती. युद्धानंतर नगरपालिकांचे पैसे आटले, माळी आणि रखवालदार कमी झाले. १९७९ ते २००१ या काळात ऐतिहासिक उद्यानांतील ४३८ बँडस्टँडपैकी निम्म्याहून अधिक पाडले गेले, मोडले किंवा वापराबाहेर गेले. याचे एक कारण वास्तूच्या रचनेतच होते. पावसाचे पाणी छपरावरून पन्हळीत आणि पन्हळीतून थेट पोकळ खांबात उतरवायचे, ही मूळची युक्ती. बाहेर नळ दिसत नाही, खांब बारीकच राहतो. पण पानगळीत पाने पन्हळीत साचली की खांबात पाणी तुंबते. हिवाळ्यात ते गोठते, गोठताना फुगते, आणि बीड ताण सोसत नाही. एका थंड रात्रीत खांब उभा चिरतो. वर्षातून दोनदा पन्हळ साफ करणारा माणूस नसला की शंभर वर्षांची वास्तू जाते.

१९९६ पासून हेरिटेज लॉटरी फंडाने शहरी उद्यानांसाठी पैसा दिला आणि शंभराहून अधिक बँडस्टँड दुरुस्त झाले किंवा नव्याने उभे राहिले. दक्षिण लंडनमधील क्लॅपहॅम कॉमनचा बँडस्टँड २००५-०६ मध्ये सावरला गेला, ब्रायटनचा पिंजरा २००९ मध्ये पुलासकट पुन्हा खुला झाला, केल्विनग्रोव्ह २०१४ मध्ये. या कामांतले कौशल्य मन लावून पाहण्यासारखे आहे. चिरलेले बीड वेल्डिंगच्या उष्णतेने आणखी तडकण्याची भीती असते. मग चिरेच्या दोन्ही बाजूंना भोके पाडून थंड धातूचे टाके घालतात, अक्षरशः शिवतात. रंगाचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे थर मोजतात. तळाशी शिशाचा लाल थर सापडतो, आपला शेंदूर तोच, आणि त्यावरच्या पहिल्या रंगावरून मूळ रंगसंगती ठरवतात. क्लॅपहॅमचा बँडस्टँड म्हणजे फाउकच्याच १८६१ च्या जोडीपैकी एक, असे पुष्कळ काळ मानले जाई. कागदपत्रे तपासल्यावर तो १८८९-९० मध्ये नव्याने बांधलेला निघाला. यामुळे त्याचे महत्त्व कमी झाले असे कुणी म्हटले तर ते मला पटत नाही. उलट जुन्या नमुन्याची ही नवी आवृत्ती पहिल्या दिवसापासून सार्वजनिक मैदानावर, सर्वांसाठी उभी राहिली.

पण दुरुस्तीच्या या कौतुकात एक उणीव राहते. रंग ताजा, कळस सोनेरी, आणि फाटकाला कुलूप. मोडतोड होऊ नये म्हणून ते लावलेले असते, आणि ती काळजी खोटी नाही. कुठे काचा बसवून चहाचे दुकान करायचा प्रस्ताव येतो, कारण त्यातून भाडे मिळते. चौथऱ्याच्या पोटात चहा विकला, वर लग्ने लावली तर त्यात वावगे काही नाही. ब्रायटनमध्ये दोन्ही होते आणि वास्तू मोकळीच राहते. काच मात्र बसवू नये. काच पारदर्शक असली तरी ती भिंतच आहे, आणि तिच्या आत जे उरेल ते खांबांनी सजवलेले दुकान असेल. या वास्तूचा लोखंडी भाग जितका मूळ आहे तितकीच तिची रिकामी जागाही मूळ आहे आणि दुरुस्तीच्या कागदावर तिचीही नोंद हवी.

कूपरेजच्या बागेत किंवा देशात कुठेही असा बँडस्टँड ज्यांच्या ताब्यात आहे, त्या सर्व नगरपालिकांना आणि लष्करी छावण्यांना एवढेच सांगावेसे वाटते. पावसाळ्याआधी पन्हळी साफ करा, फाटक उघडे ठेवा, आणि रंगरंगोटीच्या अंदाजपत्रकात वादकांच्या मानधनाचीही एक ओळ घाला. बिडाचा तो खांब सनईला आणि ढोलालाही तितकाच चालेल.